दर सव्वादोन वर्षांनी एक संकट

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली. एकेका आज्ञेला एकेक पान, मजकूर मोजका, भाषा कोरडी. पण बऱ्याच पानांच्या तळाशी ‘बग्ज’ असा मथळा आहे, आणि त्याखाली ही आज्ञा कुठे चुकते, कुठे अडते, हे ती बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. आपण बाजारातून आणलेल्या मिक्सरबरोबर किंवा फ्रिजबरोबर असा कागद कधी येत नाही. मला ही पुस्तिका प्रिय आहे ती या एका मथळ्यासाठी.

संगणकाला वेळ विचारण्याची जी सोय होती, तिच्या पानावर या मथळ्याखाली एक नोंद आहे. तिचा अर्थ असा : वेळ बत्तीस बिटांत साठवली जाते, त्यामुळे दर २.२६ वर्षांनी एक संकट येईल याची हमी आहे.

हा विनोद जवळ जाऊन पाहण्यासारखा आहे. संगणकाच्या आत वेळ म्हणजे नुसती मोजणी असते. एखादा क्षण शून्य धरायचा आणि तिथून पुढे ठोके मोजत राहायचं. पहिल्या युनिक्सने १ जानेवारी १९७१ ची मध्यरात्र शून्य धरली होती आणि सेकंदाला साठ ठोके मोजले जात, कारण ठोका थेट विजेच्या तारेतून येई आणि अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. बत्तीस बिट म्हणजे शून्य किंवा एक लिहिण्याचे बत्तीस रकाने. त्यांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे मावतात, त्याहून एकही जास्त नाही. सेकंदाला साठ या दराने एवढे आकडे ८२८ दिवसांत संपतात. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ किलोमीटरनंतर पुन्हा शून्यावर येतो, तसं हे घड्याळही मागे जाऊन १९७१ दाखवू लागणार. ८२८ दिवसांना ३६५ ने भागून पाहा. सव्वादोन वर्षं आणि वर थोडे दिवस.

म्हणजे नोंदीतला आकडा बरोबर आहे. कारखानदार माल टिकण्याची हमी देतात. इथे दोघा जणांनी संकटाची हमी दिली होती, तीही गणित करून. पुढच्या पन्नास वर्षांत प्रोग्रामर मंडळींनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या भवितव्यावर जे विनोद केले, त्यांतले चांगले विनोद याच घडणीचे आहेत. त्यांच्या पोटात हिशेब असतो. ‘युनिक्स’ हे नावसुद्धा विनोदातूनच आलं. बेल लॅब्ज ज्या अवाढव्य प्रकल्पातून १९६९ मध्ये बाहेर पडली त्याचं नाव होतं ‘मल्टिक्स’. ‘मल्टी’ म्हणजे अनेक, म्हणून या छोट्या सिस्टिमला ‘युनि’, म्हणजे एक.

सव्वादोन वर्षांचं संकट टाळण्यासाठी पुढे ठोक्यांऐवजी पूर्ण सेकंद मोजायला सुरुवात झाली आणि शून्याचा क्षण १ जानेवारी १९७० वर स्थिरावला. बत्तीस रकान्यांपैकी एक अधिक-उणे चिन्हासाठी गेला, कारण १९७० च्या आधीच्या तारखाही लिहाव्या लागतात. उरलेल्या एकतीस रकान्यांत २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. साधारण अडुसष्ट वर्षं. संकट २०३८ वर गेलं. सत्तरच्या दशकात तिशीत असलेल्या माणसाला २०३८ म्हणजे आपल्या नातवंडांचा काळ.

आता १९८३ मध्ये येऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती निघाली. तिच्यात ‘ट्यूनएफएस’ नावाची आज्ञा होती. डिस्कवर फाइली ज्या रचनेत ठेवल्या जातात, ती रचना कामाप्रमाणे जुळवून घेण्याची, म्हणजे ‘ट्यून’ करण्याची ही आज्ञा. तिच्या पानावर ‘बग्ज’खाली लिहिलं होतं : फाइल सिस्टिम ट्यून करता येते, मासा ट्यून करता येत नाही. पियानो ट्यून करता येतो पण ‘ट्यूना फिश’ करता येत नाही, ही तिकडची जुनी शाब्दिक कोटी, तिच्यावर बसवलेली ही दुसरी कोटी. हसू येतं, पण तेवढ्यापुरतंच.

खरी मौज छापलेल्या पानावर नाहीच. ते पान ज्या फाइलमधून छापलं जातं, ती उघडली की त्या ओळीच्या शेजारी छपाईत न उमटणारी एक सूचना सापडते. जो कुणी ही ओळ काढून टाकेल, त्याच्या पाठीस युनिक्सचा डेमन लागेल आणि ‘टाइम-टी’ भरून उलटेपर्यंत त्याला सोडणार नाही. टाइम-टी हे त्या सेकंदांच्या मोजणीचं युनिक्समधलं नाव. म्हणजे शापाला मुदत आहे आणि ती तारीख प्रत्येक जाणकाराला ठाऊक आहे : १९ जानेवारी २०३८.

डेमन हा युनिक्समध्ये रोजच्या बोलण्यातला शब्द. पडद्याआड राहून, कुणी न बोलावता काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला डेमन म्हणतात. छपाईची रांग लावणं, टपाल पोचवणं, ठरल्या वेळी ठरलेलं काम उरकणं हे सगळं डेमन करतात. मराठी माणसाला तो परका वाटू नये. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. सगळे झोपलेले असताना ज्याची फेरी चालू असते आणि ज्याच्या वाटेला जाऊ नये, असा तो. बर्कलीच्या तरुणांनी आपल्या फाइलच्या राखणीला असाच एक वेताळ बसवला. पुढे सन कंपनीच्या सोलॅरिस २ मध्ये ती ओळ उरली नाही. बीएसडीच्याच वंशातल्या फ्रीबीएसडीत मासा आणि वेताळ दोघेही जागेवर आहेत.

या विनोदांच्या शेजारी गंभीरपणे केलेलं एक भाकीत ठेवून पाहण्यासारखं आहे. २९ जानेवारी १९९२ ला अॅम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कालबाह्य झाल्याचं जाहीर लिहिलं. लिनक्स तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचं होतं आणि ते लिहिणारा लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीतला बावीस वर्षांचा विद्यार्थी. टॅनेनबाम या विषयातले खरोखर मोठे जाणकार. त्यांचं पाठ्यपुस्तक वाचून आणि त्यांची मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली सिस्टिम वापरूनच टोरवाल्ड्स शिकला होता. त्यांचं म्हणणं असं की एकाच मोठ्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, रचना सत्तरच्या दशकात शोभणारी आहे, लिनक्स ज्यांवर चालतं ती इंटेलच्या चिपची जात मागे पडणार आहे, आणि पाच वर्षांनी जो तो ६४ मेगाबाइटच्या स्पार्कस्टेशन-५ संगणकावर ग्नू ही मोफत सिस्टिम चालवत असेल. टोरवाल्ड्सचं स्वतःच्या कामाबद्दलचं बोलणं याच्या अगदी उलट होतं. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने लोकांना सांगितलं होतं की हा नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही.

पाच वर्षं गेली तेव्हा जगभरच्या टेबलांवर इंटेलच्याच त्या जातीचे संगणक होते. ग्नूचा स्वतःचा ‘हर्ड’ हा गाभा तयारच होत होता, आणि आजही त्याची १.० आवृत्ती निघालेली नाही. टॅनेनबाम यांच्या वाट्याला मात्र त्यांनी न मागितलेलं यश आलं. २०१७ मध्ये लक्षात आलं की इंटेलच्या आधुनिक चिपच्या पोटात, वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या एका व्यवस्थापन यंत्रणेत, मिनिक्स चालतं. खुद्द टॅनेनबामना ते बातम्यांतून कळलं, आणि आधी नुसतं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, अशा अर्थाचं खुलं पत्र त्यांनी इंटेलला लिहिलं. त्या पत्रातला समंजसपणा मला फार भावतो.

जगाला आपल्या डोक्यातल्या नकाशाप्रमाणे पुढे सरकवणारं भाकीत आणि आपल्याच हातच्या वस्तूचं जुनेपण मोजणारा विनोद, यांत मला विनोद जास्त भरवशाचा वाटतो. प्रोग्रामरला पक्कं माहीत असतं की तात्पुरतं म्हणून लावलेलं ठिगळच सगळ्यांत जास्त टिकतं. ते लावताना त्याचा स्वतःचा हात तिथे असतो.

लिनक्सवाल्यांचा जुना घरगुती विनोद असा की येणारं वर्ष हे डेस्कटॉपवरच्या लिनक्सचं वर्ष. दर वर्षी हेच म्हणायचं, दर वर्षी ते पुढे ढकलायचं. डेस्कटॉपवर ते वर्ष काही उजाडलं नाही. दरम्यान २००८ पासून अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्सचा गाभा आला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्स आहे. एप्रिल २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही तेच होतं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. २०१३ मध्ये लिनक्सची ३.११ आवृत्ती आली तेव्हा टोरवाल्ड्सने तिचं नाव ठेवलं ‘लिनक्स फॉर वर्कग्रुप्स’, कारण वीस वर्षांपूर्वी विंडोज ३.११ ‘फॉर वर्कग्रुप्स’ याच नावाने निघालं होतं. बोधचिन्हातल्या पेंग्विनजवळ विंडोजच्या झेंड्यासारखा झेंडाही आला. मे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या जोडीला स्वतः तयार केलेला लिनक्सचा गाभा द्यायला सुरुवात केली. झेंड्याची गंमत करताना एवढं कुणाच्या मनात नसेल.

असाच प्रकार मॉस्कोच्या बाबतीत झाला. १ एप्रिल १९८४ ला अॅम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संस्थेतले पीट बेर्तेमा यांनी सोव्हिएत नेते कॉन्स्टंटिन चेर्नेन्को यांच्या नावाने एक निवेदन जगभरच्या संगणकांच्या जाळ्यावर धाडलं. सोव्हिएत संघ आजपासून या जाळ्यात सामील होत आहे, आणि आमच्या संगणकाचं नाव ‘क्रेमव्हॅक्स’. क्रेमलिन अधिक व्हॅक्स. व्हॅक्स हे अमेरिकेच्या डीईसी कंपनीचं यंत्र आणि ते सोव्हिएत संघाला विकायला बंदी होती, ही त्यातली मेख. चोरून नेलेल्या व्हॅक्सच्या चिप तिकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात हे डीईसीच्या अभियंत्यांना माहीत होतं. त्यांनी एका चिपवर रशियन लिपीत, चोरायचाच तर सर्वोत्तम माल चोरा, अशा अर्थाची ओळ कोरून ठेवली. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, सोव्हिएत संघ खरोखर जाळ्यात आला. तिथल्या वदिम अँतोनोव्ह यांनी मॉस्कोच्या एका खऱ्या संगणकाचं नाव क्रेमव्हॅक्स ठेवलं. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्ता उलथवण्याचा प्रयत्न झाला, वृत्तपत्रं-दूरदर्शन ताब्यात गेली, तेव्हा शहरातल्या बातम्या बाहेर पोचवणाऱ्या वाटांपैकी ही एक होती.

आपल्याकडच्या वाचकांना या विनोदांतला सगळ्यांत जवळचा वाटेल तो कोबोलचा. कोबोल ही १९५९ मधली भाषा, बँका, विमा आणि सरकारी हिशेबांची. तेव्हाच्या पंचकार्डावर ऐंशीच रकाने असत, म्हणून १९६५ साल नुसतं ६५ असं लिहायची रीत पडली. २००० साल उजाडताना ते ०० होणार आणि संगणक त्याला १९०० समजणार, ही वायटूकेची भानगड. १९९७ ते १९९९ या काळात मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात जुन्या अमेरिकन मेनफ्रेमचं कोबोल ओळीनओळ तपासण्याचं काम जोरात होतं. त्यावर ऑनसाइट गेलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. जगभरचा दुरुस्तीखर्च तीनशे ते सहाशे अब्ज डॉलर होईल असा गार्टनर कंपनीचा अंदाज होता.

त्या दिवसांत फिरणारा किस्सा असा. एक कोबोलवाला वायटूकेच्या कामाने इतका पिचतो की आपलं शरीर गोठवून घेतो. म्हणतो, २००० उलटलं की मला उठवा. गोठवणाऱ्या यंत्राचं घड्याळच नेमकं वायटूकेत बिघडतं. त्याला जाग येते तेव्हा भोवती अनोळखी पोशाखातली माणसं. ती सांगतात, आजार संपले, युद्धं संपली, माणूस ताऱ्यांपर्यंत पोचला. तो विचारतो, मग मला कशाला उठवलंत? उत्तर येतं, अहो, ९९९९ साल संपत आलंय आणि तुम्हाला कोबोल येतं असं तुमच्या कागदांत दिसलं.

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या लाटेत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकार परिषदेत कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीला बोलावलं. राज्याची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती. त्याच राज्यात बेल लॅब्जचं मरे हिल आहे.

इंटरनेटचे नियम ज्या ‘आरएफसी’ नावाच्या कागदपत्रांत लिहितात, त्या मालिकेत १९७८ पासून १ एप्रिलला विनोदी कागदही निघू लागले. खऱ्या कागदांच्याच क्रमांकात, त्याच साच्यात. कबुतराच्या पायाला बांधून माहिती पाठवण्याचा १९९० मधला कागद सर्वांत प्रसिद्ध. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी लोकांनी तो खरोखर करून पाहिला. नऊ निरोप पाठवले, चार उत्तरं आली.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो १ एप्रिल १९९९ चा, क्रमांक २५५०. विषय, दहा हजार सालचं संकट. वायटूके म्हणून सगळे चार अंकी साल लिहू लागले आहेत, मग पाच अंकी साल आल्यावर काय? सोय अशी : ९९९९ पर्यंत जसंच्या तसं. पुढे साल लिहिताना आधी रोमन लिपीतलं ‘ए’ हे अक्षर, म्हणजे ए१००००. सहा अंकी सालाआधी ‘बी’. असं करत झेडपर्यंत गेलं की तीस अंकी सालं लिहून होतात, आणि त्यापुढची वेगळ्या खुणेने. आता यातली करामत पाहा. संगणक यादी लावताना साध्या अक्षरक्रमाने लावतो, नुसतं १०००० लिहिलं तर ते ९९९९ च्या आधी जाऊन बसेल. पण संगणकाच्या वर्णक्रमात सगळे अंक आधी आणि अक्षरं नंतर येतात. त्यामुळे ए१०००० आपोआप ९९९९ नंतर येतं, आणि आजवरचा एकही दस्तऐवज बदलावा लागत नाही. ही पद्धत उद्या कुणी खरोखर वापरली तर चालेल. वायटूकेच्या धांदलीत ही मंडळी तीस अंकी सालांची काळजी इतक्या नेटाने वाहत बसली होती, हे वाचताना मन भरून येतं.

मोठ्या कालावधीचा असा विचार न केल्यास काय होतं ते १३ मे २००६ ला दिसलं. एओएलसर्व्हर नावाच्या वेबसर्व्हरमध्ये एखाद्या कामाला मुदतच नको असेल, तर मुदत एक अब्ज सेकंद लिहायची रीत होती. एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षं, तेव्हा लिहिणाऱ्याच्या हिशेबी ‘कधीच नाही’. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे ६ वाजून ५७ मिनिटं २८ सेकंद झाले आणि ‘आत्ता’ अधिक एक अब्ज ही बेरीज २०३८ च्या पलीकडे गेली. मुदत १९०१ मध्ये जाऊन पडली आणि सर्व्हर अडखळले. २०३८ चं संकट बत्तीस वर्षं आधीच येऊन गेलं.

दुरुस्ती चालू आहे. टाइम-टीला बत्तीसऐवजी चौसष्ट रकाने द्यायचे, एवढंच ते काम. पण त्या आकड्याला हात लावणारा प्रत्येक प्रोग्राम पुन्हा तपासावा लागतो. बीएसडीच्याच वंशातल्या ओपनबीएसडीने मे २०१४ मध्ये आपल्या सगळ्या यंत्रांसाठी ते केलं आणि त्या आवृत्तीबरोबर या विषयावर एक गाणंही काढलं. लिनक्सच्या गाभ्याने बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी ते मार्च २०२० मध्ये पुरं केलं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प जातीच्या रकान्याची शेवटची तारीख अजून १९ जानेवारी २०३८ हीच आहे.

चौसष्ट रकान्यांत २९२ अब्ज वर्षं मावतात. सूर्याचं उरलेलं आयुष्य पाच अब्ज वर्षांच्या आसपास. तरी कुणीतरी बसून तोही दिवस काढून ठेवला आहे : साल २,९२,२७,७०,२६,५९६, डिसेंबरची ४ तारीख, रविवार. बर्कलीच्या त्या फाइलमधल्या शापाची मुदतही त्यामुळे तिथवर लांबली, कारण तिथे तारीख लिहिलेली नव्हती, ‘टाइम-टी भरेपर्यंत’ एवढंच लिहिलं होतं.

ज्या यंत्रांपर्यंत कुणी पोचणार नाही, तिथे मात्र जुनीच मुदत लागू राहील. १९ जानेवारी २०३८ हा मंगळवार आहे. आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, लोकल भरून चाललेल्या असताना, पेटीत बंद असलेल्या एखाद्या जुन्या नियंत्रकाची मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर येईल. पुढच्या सेकंदाला त्याच्या आत ग्रिनिचच्या वेळेने १३ डिसेंबर १९०१ असेल, शुक्रवारची रात्र, ८ वाजून ४५ मिनिटं ५२ सेकंद.